नीटचे मार्क काठावर आहेत? मग प्रवेशाचा फॉर्म भरताना या चुका टाळा

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की खरी घालमेल सुरू होते ती काठावरच्या मुलांच्या घरी. वरच्या मुलांना कॉलेज कोणतं घ्यायचं एवढाच प्रश्न असतो. मधल्यांना मात्र सरकारी एमबीबीएस लागेलही, नाहीतर दोन-चार नंबरांनी हुकेलही. अशा वेळी मार्क बदलता येत नाहीत. फॉर्म कसा भरायचा हे मात्र अजून आपल्या हातात असतं, आणि हातात आलेली सीट तिथेच भीतीपोटी घालवणारी मुलं पाहिली की जीव तुटतो.

गेल्या वर्षीच्या मार्कांशी तुलना

२०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ चा पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले आणि खुल्या गटासाठी पात्रतेचे मार्क १६२ वरून १४४ वर आले. त्यामुळे ‘शेजारच्या दादाला एवढ्या मार्कांना लागलं नव्हतं’ या बोलण्याला काही अर्थ नाही. मार्क बाजूला ठेवा आणि ऑल इंडिया रँक बघा. राज्याची गुणवत्ता यादी लागली की त्यातला नंबर बघा. मागच्या याद्या चाळताना आपल्या प्रवर्गाचा प्रवेश शेवटच्या फेरीत कुठल्या नंबरपर्यंत गेला हे शोधा. पहिल्या फेरीचा कटऑफ बघून हातपाय गाळणारे पालक पुष्कळ आहेत.

‘लागणार नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा लातूरच्या मुलीला अंबाजोगाई हवंय, कारण घरापासून जवळ आणि कॉलेज जुनं. पण कुणीतरी सांगतं, ‘तिथलं अवघड आहे, आधी गडचिरोली टाक, सीट पक्की कर.’ ती गडचिरोली पहिल्या नंबरला टाकते, अंबाजोगाई पाचव्या. तिचा नंबर येतो तेव्हा कॉम्प्युटर तिची यादी वरून वाचायला लागतो. गडचिरोलीला जागा आहे, दिली, यादी तिथेच थांबली. अंबाजोगाईला त्या क्षणी जागा शिल्लक असली तरी तिच्या पाचव्या पसंतीपर्यंत कुणी पोहोचतच नाही.

उलट करून बघा. अंबाजोगाई पहिलं, गडचिरोली पाचवं. अंबाजोगाई भरलेलं असेल तर कॉम्प्युटर पुढच्या पसंतीकडे जातो. वरच्या चार ठिकाणी नाकारलं गेल्याने गडचिरोलीचा तिचा हक्क कणभरही कमी होत नाही, कारण तिथेही जागा गुणवत्ता क्रमांकानेच मिळते. म्हणून यादीचा क्रम मनापासून लावा आणि कटऑफचा अंदाज फक्त यादी किती लांब ठेवायची यासाठी वापरा.

आणि ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना) २०२० मध्येच रद्द झालाय. आपल्या विभागातलं कॉलेज आपल्यासाठी राखीव आहे हे गृहीत धरू नका, आणि दुसऱ्या विभागातलं आपल्याला बंद आहे असंही समजू नका.

नवी कॉलेजं गाळणं

२०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. त्यांत जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली आहेत. त्याआधीची परभणी, रत्नागिरी, धाराशिव, नंदुरबार वेगळीच. ‘तिथे अजून काही नाही’ म्हणून ही नावं यादीतून उडवली जातात. इमारत, वसतिगृह, रुग्णांची संख्या यांची चौकशी जरूर करा, शक्य असेल तर एकदा जाऊन या. पण काठावरच्या मुलाने ही नावं न बघताच काढली, तर एका वर्षाची रिपीट ओढवून घेतली असं होऊ शकतं.

खासगी कॉलेजांचंही तसंच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून मिळालेल्या प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. संस्थात्मक (मॅनेजमेंट) कोटा आणि खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं त्यात येत नाहीत. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्कांचा हिशेब वेगळा करावा लागतो. तरीही ‘खासगी आपल्याला झेपणार नाही’ म्हणून यादी सरकारीवरच संपवणाऱ्या घरांनी हा निर्णय आधी वाचावा. हक्काचा पैसा माहितीअभावी सोडू नये.

कागद ऐनवेळी

प्रवर्गातून अर्ज करायचा तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि, एससी-एसटी सोडून इतर मागास प्रवर्गांना, चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) लागतं. जात वैधतेला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून अकरावीतच प्रस्ताव टाका. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. सरकारी कॉलेजांतल्या ज्या १५ टक्के जागा केंद्र देशभरातल्या मुलांतून भरतं, त्या कोट्यासाठी ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, आणि एसईबीसी हा प्रवर्ग तिकडे नाहीच. कागद कमी पडला की अर्ज खुल्या गटात जातो, आणि काठावरच्या मुलासाठी तिथेच सगळं संपतं.

अपग्रेडच्या नादात

एक सीट हातात असताना पुढच्या फेरीत पर्याय भरताय? मग आत्ताच्या कॉलेजपेक्षा खरोखर चांगली वाटणारी नावंच टाका. नवं अलॉटमेंट झालं की जुनी सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. समाधानी असाल तर रिटेन्शनचा, म्हणजे आहे तीच सीट कायम ठेवण्याचा फॉर्म वेळेत द्या. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. ग्रुपवर फिरणारे स्क्रीनशॉट त्या पुस्तिकेची जागा घेऊ शकत नाहीत.

‘बघू तरी’ म्हणून डीम्डच्या यादीत नाव घालणाऱ्यांनीही थांबावं. तिथे केंद्राच्या प्रवेश समितीची, म्हणजे एमसीसीची अनामत २ लाख रुपये आहे. दुसऱ्या फेरीत सीट लागून रुजू झाला नाहीत तर ती जाते. वर्षाला २५ लाखांच्या पुढे फी घेणारी कॉलेजं पुण्यात, नवी मुंबईत आहेत. घरचा हिशेब आधी मांडा.

पहिल्या फेरीनंतर परदेशाचा निर्णय

सीट लागली नाही की दुसऱ्याच दिवशी एजंटचे फोन सुरू होतात. आगाऊ रक्कम देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे का, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का, शिक्षण इंग्रजीतून आहे का, आणि ती पदवी घेऊन त्याच देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार यातली एक जरी गोष्ट नसेल तर भारतात नोंदणी अडते. नीटची पात्रता परदेशासाठी तीन वर्षं चालते, त्यामुळे राज्याची शेवटची फेरी होईपर्यंत थांबायला कसलीच हरकत नाही.