श्वास मोजताय हे पेशंटला कळू देऊ नका

वॉर्डात शिकायला आलं की पल्स, बीपी, टेम्परेचर पहिल्या आठवड्यात हाताला बसतं. श्वास मोजणं मात्र सोपं वाटतं म्हणूनच कच्चं राहतं. छाती वर गेली, खाली आली, एक झाला; यात शिकायचं काय, असं मलाही वाटायचं.

मग एकदा मी बेडवरच्या काकांना सांगितलं, "काका, नीट श्वास घ्या हं, मोजतेय." काकांनी इतका नीट घेतला की आकडा आला मिनिटाला 14. तो मी चार्टवर लिहिलाही. थोड्या वेळाने सिस्टर आल्या, नाडीवर बोटं ठेवून गुपचूप उभ्या राहिल्या आणि 26 लिहून डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मी मान खाली घालून उभी.

श्वास आपोआप चालतो, पण लक्ष गेलं की माणूस तो हातात घेतो. कोणी दाबून धरतो, कोणी लांबवतो. म्हणून पल्स मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढू नका, फक्त नजर छातीकडे वळवा. पेशंटचा हात पोटावर आडवा ठेवून मनगट धरलंत तर वरखाली होणं तुमच्या हातालाही लागतं. जाड पांघरूण आधीच, पल्स घेतानाच सरकवून ठेवा. मोजायच्या ऐन वेळी सरकवलंत तर पेशंट तुमच्याकडेच बघत बसतो. पेशंट बोलत असेल किंवा नुकताच चालून आला असेल तर थांबा. एवढं कळायला मला दोन महिने लागले, तुम्हाला लागले तर घाबरू नका.

'पंधरा सेकंद गुणिले चार' या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. एक श्वास जास्त मोजला गेला की 20 चे थेट 24 होतात, आणि मोठ्या माणसात 12 ते 20 नॉर्मल. पूर्ण मिनिट द्या. तान्ह्या बाळाचा श्वास तर मध्येच काही सेकंद थांबतो, मग भरभर चालतो. तिथे पंधरा सेकंदांना काहीच अर्थ नाही. बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडे बघून मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40, एवढे किंवा जास्त भरले तर श्वास जलद. हे आकडे पाठच करा.

आणि मागच्या शिफ्टचा 18 बघून 18 लिहू नका. अख्ख्या वॉर्डाचा श्वास 18 कसा असेल? "लिहून टाक गं, कोण बघतंय" म्हणणाऱ्या सीनियरकडून सलाईन लावायला खुशाल शिका, हे नको. ऑक्सिमीटर 97 दाखवतोय म्हणूनही निश्चिंत होऊ नका. तो 97 टिकवायलाच पेशंट धापा टाकत असेल.

आकड्याची शंका आली तर परत मोजायला लाजू नका. मी आजही मोजते. "पल्स जरा परत बघते हं," म्हणायचं, बस्स.