आयसीयूतल्या पेशंटचं आतडं: या चुका टाळा

पहाटेचे साडेतीन वाजले होते. सेप्सिसचा (जंतुसंसर्गानं अवयव कोलमडू लागलेला) पेशंट, साठीतला, व्हेंटिलेटरवर. झोपेची औषधं चालू, नॉरॲडचा (नॉरॲड्रेनलिन, धमन्या आवळून बीपी चढवणारं औषध) पंप चालू. मॉनिटरवर मीन (सरासरी) बीपी ६८, म्हणजे आमच्या हिशेबात सगळं ठीक. सिस्टर म्हणाली, "सर, रायल्समधून फीड परत येतंय. पोटपण मघापेक्षा टाइट लागतंय." (रायल्स म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, फीड म्हणजे तिच्यातून दिलेलं पातळ अन्न.) मी फाइलवर लिहिलं: फीड दोन तास बंद, मेटोक्लोप्रामाइड (पोटातलं अन्न पुढे सरकवणारं औषध) द्या. सकाळपर्यंत नॉरॲडचा डोस दुप्पट झाला होता. दुपारी सर्जननी पोट उघडलं तेव्हा लहान आतड्याचा बराचसा भाग काळपट जांभळा पडलेला. दोन दिवसांनी पेशंट गेला. सिस्टरच्या त्या दोन वाक्यांत सगळं निदान होतं. मी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या बेडकडे वळलो.

म्हणून हे लिहितोय, आयसीयूत नव्यानं रुजू झालेल्या रेसिडेंट आणि सिस्टर-ब्रदरांसाठी. नातेवाइकांसाठीही शेवटी थोडं आहे.

आधी दुखणं काय ते. आतड्याच्या धमनीत गुठळी अडकून रक्त थांबतं, ते आपण शिकलेलो असतो. पण आयसीयूत बऱ्याचदा गुठळी नसतेच. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा पोटातल्या अवयवांकडे जातो. शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडू लागलं की, शरीर मेंदू आणि हृदय वाचवायला बघतं, आणि आतड्याकडच्या धमन्या आवळून घेतं. धमनी उघडी असते, पण तिच्या फांद्या आखडलेल्या. याला नॉन-ऑक्लुसिव्ह मेसेंटेरिक इस्केमिया म्हणतात, म्हणजे धमनी न तुंबता आतड्याला रक्त कमी पडणं. आमच्या बोलण्यात 'नोमी'. हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये गुठळी नसताना आतडं मेल्याचं वर्णन १९५८ सालीच झालं होतं. तरी आजही यातले निम्म्याहून जास्त पेशंट दगावतात, आणि त्याचं मोठं कारण उशीर हेच आहे.

दुखण्याची वाट बघणं

पुस्तकात लिहिलेलं असतं: पोट प्रचंड दुखतं, पण हात लावला तर मऊ. हे शुद्धीवरच्या पेशंटला लागू. फेंटानिल आणि मिडाझोलम या वेदना मारणाऱ्या, झोपवणाऱ्या औषधांवर असलेला माणूस कण्हणारसुद्धा नाही. स्टेथोस्कोपनं आतड्याचे आवाज ऐकून 'आहेत' असं लिहिणाऱ्यांनीही त्यावर फार विसंबू नये. आवाज असतात आणि आतडं मरत असतं, असं होतं.

मग बघायचं काय? फीड पचत होतं, ते अचानक परत यायला लागलं. पोट फुगलं. नव्यानं जुलाब सुरू झाले, किंवा शी काळसर, रक्ताळ, वेगळ्याच वासाची झाली. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांच्या आधी मावशींना कळते, म्हणून त्यांना रोज विचारा. यातलं एकेक चिन्ह एरवीही दिसतं. पण दोन-तीन एकत्र आली आणि त्याच काळात नॉरॲड वाढवावं लागतंय, लघवी कमी होतेय, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आतडंच समजून चाला.

बीपी छान म्हणजे आतडं छान

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती हुशार माणसंही करतात. मनगटातल्या धमनीचा दाब ६५ च्या वर आला की आपण निःश्वास टाकतो. पण तो दाब नॉरॲड आणि व्हासोप्रेसिन या औषधांनी धमन्या आवळून आलेला असेल, तर त्यात आतड्याच्याही धमन्या आवळल्या गेल्या. पेशंटच्या अंगात पाणीच कमी असेल आणि आपण फक्त पंपाचा वेग वाढवत बसलो, तर किंमत आतडं मोजतं. डोस वाढवण्याआधी एकदा सोनोग्राफीचा प्रोब लावून हृदय बघा, फ्लुइडला (सलाइनला) प्रतिसाद मिळतो का तपासा.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. शॉक सुधारला तरी आतड्याच्या धमन्यांचा आखडलेपणा तासन्‌तास टिकू शकतो. म्हणूनच १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधले सर्जन स्कॉट बोली यांनी अँजिओग्राफी करून थेट आतड्याच्या धमनीत पॅपाव्हेरिन हे धमनी सैल करणारं औषध सोडायला सुरुवात केली. 'काल बीपी पडलं होतं, आज बरं आहे' अशा पेशंटचं पोट म्हणूनच आजही बघायचं. डायलिसिसवर बीपी घसरलेले, हृदयाच्या ऑपरेशननंतरचे, डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावरचे पेशंट यात विशेष.

लॅक्टेटवर निकाल लावणं

लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) नॉर्मल आहे, म्हणजे आतडं बरं आहे, असं म्हणू नका. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, आणि यकृत चांगलं असेल तर सुरुवातीचं लॅक्टेट तिथंच संपवून टाकतं. एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) ते वाढलेलं दिसतं तोवर बऱ्याचदा वेळ गेलेली असते. उलटही खरं: ॲड्रेनलिन चालू असेल तर ते औषधच लॅक्टेट वाढवतं. एका आकड्यापेक्षा कल बघा. बाकी सगळं सुधारत असताना लॅक्टेट खाली येत नसेल, तर पोटाकडे वळा.

फीडची घाई

आतड्यात अन्न गेलं की त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. रक्त वाढू शकत नसेल तर तो आणायचा कुठून? फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवरच्या, शॉकमधल्या २,४१० पेशंटवर झालेला न्यूट्रिरिया-२ हा अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. लवकर, पूर्ण कॅलरीचं फीड नळीनं दिलेल्या गटात आतड्याचा इस्केमिया १९ जणांना झाला, शिरेतून पोषण दिलेल्या गटात ५ जणांना. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही.

याचा अर्थ सगळ्यांना उपाशी ठेवा असा काढू नका, तीही चूकच. शॉक आटोक्यात नाही, डोस चढताच आहे, तोवर थांबा. डोस स्थिर झाला किंवा उतरू लागला की तासाला १०-२० मिली असं हळू सुरू करा आणि पोट बघत वाढवा. ६ तासांत ५०० मिलीच्या वर परत आलं तर थांबून कारण शोधा. नुसतं औषध लिहून पुढे जाऊ नका, मी गेलो तसं.

पोटातला दाब चुकीचा मोजणं

पोटातला दाब वाढला की आतड्याच्या वाट्याला रक्त कमी येतं. हा दाब मूत्राशयातून मोजतात, आणि मोजण्यातच गोंधळ होतो. पेशंट पूर्ण सपाट झोपवा. डोकं ३० अंश वर ठेवून घेतलेलं रीडिंग जास्त येतं. कॅथेटरमधून सलाइन २५ मिलीपेक्षा जास्त घालू नका. अर्धा-एक मिनिट थांबा. झीरो, म्हणजे मोजणीची शून्य पातळी, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला, काखेच्या मधल्या रेषेत. वाचन उच्छ्वासाच्या शेवटी. पेशंट खोकत, कुंथत असेल तर तो आकडा लिहूच नका.

आणि एकक! अनेक ठिकाणी ट्रान्सड्यूसरऐवजी (दाब मोजणाऱ्या सेन्सरऐवजी) पाण्याच्या स्तंभावर मोजतात आणि सेंटिमीटरच मिमी पारा म्हणून चार्टवर चढवतात. २७ सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण २० मिमी पारा. आयसीयूतल्या पेशंटचा दाब साधारण ५ ते ७ मिमी असतो, १२ पासून वाढलेला धरतात, २० च्या वर राहिला आणि सोबत नवा अवयव निकामी होत असेल तर आणीबाणी. मीन बीपीतून हा आकडा वजा करा. ६५ मधून २० गेले की आतड्याच्या वाट्याला ४५ उरतात, हे चार्टवर लिहिलेलं दिसलं की आपोआप धावपळ सुरू होते.

क्रिएटिनिन बघून सीटी पुढे ढकलणं

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं दिसलं की 'किडनी खराब आहे, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, रक्तवाहिन्या दाखवणारं औषध) नको' म्हणून साधा सीटी केला जातो, आणि रिपोर्टमध्ये येतं 'आतडी फुगलेली'. हे तर हातालाही कळत होतं. संशय असेल तर कॉन्ट्रास्टसह, धमनी आणि शीर अशा दोन्ही फेजचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) हवा. मेलेल्या आतड्यापुढे किडनीचं नुकसान सावरता येण्यासारखं असतं, आणि डायलिसिसचा मार्ग आहेच. तोंडावाटे कॉन्ट्रास्ट पाजत वेळ घालवू नका. त्यानं आतड्याची भिंत नीट दिसत नाही. भिंतीत किंवा यकृताच्या शिरांत हवा दिसायची वाट बघू नका, ती बहुतेकदा उशिराची खूण असते.

सर्जनना सीटीच्या आधीच फोन करा. रिपोर्ट हातात घेऊन केलेल्या फोनमध्ये दोन-तीन तास जातात, आणि रक्त पूर्ण थांबलेलं असेल तर आतड्याची भिंत आरपार मरायला साधारण सहा तास पुरतात. खालून दुर्बीण घालून डावं आतडं बरं दिसलं, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. लहान आतडं तिथून दिसत नाही. ऑपरेशनमध्येही बाहेरून गुलाबी दिसणाऱ्या आतड्याचं आतलं अस्तर गेलेलं असू शकतं, म्हणून २४ ते ४८ तासांनी पोट पुन्हा उघडून बघतात. नातेवाइकांना हे आधीच सांगा, नाहीतर 'पहिल्यांदा नीट केलं नाही का' हा प्रश्न ठरलेला.

नातेवाइकांनो, 'चार दिवस पोटात काही गेलं नाही, थोडं नारळपाणी तरी द्या' असं तुम्ही कळकळीनं म्हणता. ती माया कळते. पण फीड थांबवलंय ते आतड्याला सांभाळण्यासाठी, हे समजून घ्या. तुमच्याकडून आम्हाला हवी असते ती माहिती. आजारपणाआधीच्या महिन्यांत जेवल्यावर अर्ध्या तासात पोट दुखायचं का? त्या भीतीनं ताटातलं कमी केलं होतं का, वजन उतरलं होतं का? कधी नाडी अनियमित आहे असं कुणी सांगितलं होतं का? आतड्याची धमनी आधीच अरुंद असलेल्या माणसाचं आतडं बीपी थोडं घसरलं तरी अडचणीत येतं. हे प्रश्न मी आता दाखल करतानाच विचारतो, आणि उत्तर 'हो' आलं तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवतो, रात्रपाळीच्या सिस्टरला दिसेल असं.