पहिलं आख्यान कसं बसवावं

दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्थेत नारदीय कीर्तन शिकवतात. तिथे जा किंवा एखाद्या बुवांकडे घरी शिका, आख्यानाची, म्हणजे कीर्तनात सांगायच्या कथेची, वही भरतेच. ती सगळी घोकू नका. पाठ करायची ती पदं. साकी आणि दिंडी ही त्यांची वृत्तं: साकीच्या ओळीत 28 मात्रा, दिंडीच्या 19. एखादी गळली तरी तबलजी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकटे पडतात. मधली गोष्ट मात्र आपल्या शब्दांत सांगायची.

सुरुवात सुदाम्यापासून करा. पात्रं मोजकी, आणि गरिबी समजावून सांगावी लागत नाही. कथेचे सात-आठ टप्पे कागदावर लिहा, प्रत्येकापुढे पद लिहा आणि कागद घरी ठेवून बाहेर पडा. मी पहाटे गिरगाव चौपाटीवर जायचे. चाळीत शेजारी झोपलेले, गळा आपोआप आखडायचा. लाटांपुढे आवाज पोटातून काढावाच लागतो.

पोह्यांच्या प्रसंगाला सर्वांत जास्त वेळ द्या. पदराच्या टोकाला, पुरुषांनी उपरण्याच्या, खरोखरची गाठ मारा आणि काखेत दडवा. देव ओढायला लागले की लगेच सोडू नका. आधी मूठ आवळते, मग मान खाली जाते, मग एकेक बोट ढिलं पडतं. तेवढा वेळ पेटी गप्प हवी. पेटीवाल्यांना आधीच सांगून ठेवा. मी महिनाभर ही गाठ आजीसमोर सोडत होते. भाजी निवडता निवडता एक दिवस तिचा हात थांबला, तेव्हा कळलं, जमलं.

पूर्वरंगाला, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागातल्या निरूपणाला, मात्र आवर घाला. तिथे सिद्धांत, उत्तररंगात, म्हणजे नंतरच्या आख्यानात, त्याचा दृष्टांत. म्हणून सुदामा सांगायचा तर निरूपणाचा अभंगही भावाचा भुकेला देव दाखवणारा निवडा, आणि तेवढ्यावरच बोला. परळच्या एका देवळात माझं पहिलं कीर्तन होतं. निरूपणातच सव्वा तास गेला. मध्यंतराचा नामगजर झाला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला आणि निम्मी मंडळी गाडी चुकेल म्हणून उठली. गाठ सुटली तेव्हा समोर अकरा जण होते. त्या रात्री मी फार रडले.

आता दीड तासाच्या कीर्तनात पूर्वरंग 40 मिनिटांचा. घड्याळ पेटीवर, माझ्याकडे तोंड करून.