नाल्यातलं गवत सरसकट उपटू नका

ठाण्यातल्या येऊरच्या उतारावरून घोडबंदर रोडकडे येणारं पाणी तुमच्या सोसायटीजवळच्या मातीच्या नाल्यातून जात असेल, तर मे महिन्यातच तळातली झुडपं आणि पाणकणीस कापून घ्या. ताठ खोडं वाकत नाहीत, वर प्लास्टिक अडकवतात. वाहत्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात काँक्रीटचा खडबडीतपणा साधारण ०.०१३, खडीचा ०.०२५ आणि दाट झाडोऱ्याचा ०.०८ च्या आसपास धरतात. म्हणजे उतार आणि खोली तीच असली, तरी काँक्रीटच्या तुलनेत पाण्याचा वेग खडीवर जवळपास निम्मा, झाडोऱ्यात जेमतेम सहावा हिस्सा! काठावरचं आखूड गवत मात्र कृपा करून राहू द्या. भरल्या पाण्यात ते आडवं होतं, मुळं माती धरून ठेवतात. तळाची खडीही खरवडू नका, धूप तीच रोखते. मोरीच्या तोंडाशी साचलेला ढीग तेवढा उचला.