हिरडीतून रक्त येतंय? ब्रश तिथेच फिरवा, पण हलक्या हाताने

थुंकताना फेसात लाल रेघ दिसली की बहुतेक जण दुसऱ्या दिवसापासून ती बाजूच टाळतात. मिसळीची तर्री झोंबली की घरात लवंगेचं तेल निघतं. तेलाने ठणका थोडा कमी होतो, पण ज्या थरामुळे हिरडी सुजली तो जागेवरच राहतो. आणि टाळलेल्या बाजूला तो आणखी जाड होतो.

आधी नीट बघा. खिडकीजवळ आरसा धरा आणि ओठ वर उचला. चांगली हिरडी दाताला घट्ट बसलेली असते आणि दोन दातांच्या मध्ये तिचं टोक निमुळतं असतं. सुजलेली हिरडी फुगीर, चकचकीत आणि लालसर-जांभळी दिसते. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच तपकिरी असतात. तो त्वचेसारखा रंग आहे, त्याची काळजी नको. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी मात्र ‘माझं रक्त येत नाही’ यावर विसंबू नये. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि आतला आजार झाकला जातो.

आत काय चाललंय हे एकदा कळलं की पुढची पावलं पाठ करावी लागत नाहीत. दात आणि हिरडी यांच्यामध्ये सगळ्यांनाच एक बारीक खाच असते, साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल. तिच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचतो. थर जाड झाला की खाली ऑक्सिजन पोचत नाही आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंचं फावतं. त्यांतला सर्वांत बदनाम म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस.

अशा जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू असतात. परका रेणू ओळखणारे टोल-लाइक रिसेप्टर हिरडीच्या पेशींवर बसलेले असतात. रेणू तिथे अडकला की पेशीच्या आत इशारा पोचतो, जनुकं कामाला लागतात आणि पेशी इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ अशी रसायनं बाहेर सोडते. इंटरल्युकिन-८ रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरू लागतात आणि हिरडी लाल होऊन फुगते. खाचेचं अस्तर नाजूक झालेलं असल्याने ब्रश लागताच रक्त येतं.

हे बरेच दिवस चाललं की हिरडीतल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू विणणाऱ्या पेशी आणि आलेल्या पांढऱ्या पेशी दाताला धरून ठेवणारं कोलॅजेन (चिवट तंतूंचं प्रथिन) तोडणारी विकरं सोडतात. हाड झिजवणाऱ्या पेशीही जाग्या होतात. बागेत शिरलेलं जनावर हुसकावताना घरच्याच माणसांनी वेली तुडवाव्यात, तसा हा प्रकार. पायोरियात दात हलतो त्यात आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचा मोठा वाटा असतो.

आणखी एक गोष्ट. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसला लोह लागतं आणि ते तो रक्तातल्या हीममधून, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोह असलेल्या भागातून, मिळवतो. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या माध्यमावर त्याच्या वसाहती काळ्या दिसतात, त्या याच साठलेल्या हीममुळे. म्हणजे रक्त येणारी हिरडी तशीच सोडणं म्हणजे त्याला आयतं जेवण वाढणं.

आता ब्रश. मऊ केसांचा घ्या. कडक ब्रशने घासल्याचं समाधान मिळतं, पण हिरडी सोलते. केस दात-हिरडीच्या सीमेवर ४५ अंशांत टेकवा, जागच्या जागी बारीक हलवा आणि मग पुढच्या दाताकडे जा. एकूण २ मिनिटं, दिवसातून २ वेळा. रात्रीचा ब्रश चुकवू नका. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस लागतो किंवा फटी मोठ्या असतील तर छोटा इंटरडेंटल ब्रश. सुरुवातीला रक्त येईलच, थांबू नका. डेन्मार्कमधल्या ऑर्हस इथे दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दात घासणं बंद केलेल्यांच्या हिरड्या १० ते २१ दिवसांत सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर सुमारे आठवड्यात पूर्ववत झाल्या. पण किटण, म्हणजे दगडासारखा कडक झालेला प्लाक, जमलेलं असेल किंवा हाड झिजलं असेल, तर नुसता ब्रश पुरत नाही.

मिश्री बंद करा. आजी ऐकणार नाही हे मान्य, पण ती तंबाखूच आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, कारण वाढलेली साखर हिरडी बिघडवते आणि सुजलेली हिरडी साखर वाढवते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, थर निघत नाही. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉशही डॉक्टर सांगतील तितकेच दिवस, नाहीतर दातांवर डाग पडतात.

नीट घासूनही आठ-दहा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्य गाठा. नाशिकमध्ये खाजगी दवाखाने आहेतच, शिवाय पंचवटीत दंत महाविद्यालयही आहे. पू, हलणारा दात, ताप किंवा गालावर सूज असेल तर थांबूच नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर तसं आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

दंतवैद्याला खाचेची खोली मोजायला सांगा. ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आणि रक्तही येत असेल, तर किटण हिरडीखालूनही काढावं लागतं. स्केलिंगने, म्हणजे किटण खरवडून काढल्याने, दात सैल होतात ही समजूत कटिंग चहाबरोबर फुकट मिळते. प्रत्यक्षात किटण निघाल्यावर आणि सूज ओसरल्यावर आधीपासूनच पडलेल्या फटी दिसू लागतात. काही दिवस थंड पाणी झोंबेल. खोल सफाई झाली असेल तर साधारण २-३ महिन्यांनी खाच पुन्हा मोजून घ्या आणि आधीचे आकडे जवळ ठेवा.