यूकेचं अपील जिंकलात? व्हिसा हातात पडेपर्यंतची तयारी

नवरा लंडनला, बायको पुण्यात, स्पाउस व्हिसा नाकारला म्हणून अपील लढलात आणि जजने तुमच्या बाजूने निकाल दिला, तर पेढे जरूर वाटा, पण तिकीट काढू नका आणि नोकरीचा राजीनामाही टाकू नका, कारण ट्रायब्युनल, म्हणजे अपील ऐकणारं न्यायालय, व्हिसा देत नाही, तो होम ऑफिसनेच, म्हणजे यूकेच्या गृहखात्यानेच द्यायचा असतो आणि जिंकलेली माणसं तिथेच महिनोन्‌महिने अडकतात.

आधी निकालपत्रावर ते पाठवल्याची तारीख शोधा. बायको यूकेबाहेर असल्याने तिथून 28 दिवसांत होम ऑफिस वरच्या अपिलाची परवानगी मागू शकतं, त्यामुळे मुदत संपली की ट्रायब्युनलला मेल करून विचारा, असा अर्ज आलाय का. नाही म्हणाले तर ते उत्तर जिवापाड जपा, पुढची सगळी पत्रं त्याच्यावरच उभी राहतात. फी अवॉर्ड, म्हणजे अपिलाची फी परत करायचा आदेश, दिलाय का तेही बघा, सुनावणीचे भरलेले 140 पाउंड परत मिळू शकतात.

पासपोर्ट संपत आला असेल तर आत्ताच रिन्यू करा. व्हिसासाठी लागणारं टीबी नसल्याचं सर्टिफिकेट मात्र सहाच महिने चालतं, जुनं बहुतेक संपलेलंच असणार, पण होम ऑफिसने मागायच्या आधी घाईने नवीन काढू नका, तेही वाट बघण्यात संपेल. हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरलेले पैसे, रिफंड झाला असेल तर परत भरायला सांगतात, ते पैसे बाजूला ठेवा आणि त्यांचा मेल चुकू नये म्हणून स्पॅम फोल्डर रोज बघा. आमच्या वहिनीच्या फाईलच्या आतल्या बाजूला आम्ही पेन्सिलने तीनच तारखा लिहिल्या होत्या, निकालाची, पासपोर्टची, टीबीची, कुणी काही विचारलं की तेवढं उघडायचं.

प्रत्येक मेलच्या विषयात अपील नंबर आणि जीडब्ल्यूएफ नंबर, म्हणजे व्हिसा अर्जाचा नंबर, दोन्ही टाका. उत्तरच येत नसेल तर तिकडे राहणाऱ्या नवऱ्याने आपल्या भागाच्या खासदाराला गाठायचं, खासदाराच्या ऑफिसातून चौकशी गेली की निदान फाईल कुठे आहे ते तरी कळतं. तरीही हलत नसेल तर सॉलिसिटरकडून प्री-अ‍ॅक्शन लेटर, म्हणजे कोर्टात जाण्याआधीची नोटीस, पाठवा, त्यात उत्तराला साधारण 14 दिवस देतात, आणि मग ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे होम ऑफिसच्या दिरंगाईविरुद्ध कोर्टात दाद, पण तो खर्चिक, आधी फी विचारून घ्या.

आणि पत्रात नुसते नंबर नकोत. पोर बापाला फक्त व्हिडिओ कॉलवर ओळखत असेल, बाळंतपण तोंडावर असेल, तर तसं स्पष्ट लिहा, लाजू नका, सोबत डॉक्टरांचं किंवा शाळेचं पत्र जोडा.