सी++ मध्ये मॅक्रो न वापरता दर शंभराव्या वेळी कोड चालवणे

सेकंदाला हजारो पॅकेट वाचणाऱ्या लूपमध्ये लॉगची एक ओळ टाकली की लॉग फाइल बघता बघता फुगते. म्हणून ती ओळ दर शंभराव्या फेरीलाच छापावी लागते. गूगलच्या जीलॉग लायब्ररीत यासाठी मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी कोडचा मजकूर येतो असे नाव) आहे, आणि तो मॅक्रोच आहे याचे कारण असे की प्रत्येक कॉलच्या जागी स्वतंत्र काउंटर हवा असतो. साध्या फंक्शनमध्ये स्टॅटिक (कॉल संपला तरी किंमत टिकवणारा) काउंटर ठेवला, तर प्रोग्रॅममधील सगळे कॉल त्या एकाच काउंटरवर मोजले जातात.

सी++11 पासून हे काम कंपायलरवर सोपवता येते. कोडमध्ये लिहिलेल्या प्रत्येक लॅम्डाला (जागेवरच लिहिलेल्या निनावी फंक्शनला), मजकूर अक्षरशः सारखा असला तरी, स्वतःचा निनावी टाइप मिळतो. आणि टेम्प्लेट (टाइप पॅरामीटर म्हणून घेणाऱ्या) फंक्शनमधील स्टॅटिक व्हेरिएबल प्रत्येक टाइपसाठी वेगळे तयार होते. या दोन नियमांची सांगड घालायची. 'एव्हरी_एन' नावाचे टेम्प्लेट फंक्शन लिहावे, ज्याचे पहिले पॅरामीटर 100 सारखा पूर्णांक आणि दुसरे लॅम्डाचा टाइप असेल. आत शून्यापासून सुरू होणारा स्टॅटिक काउंटर ठेवावा, तो एकाने वाढवताना त्याची जुनी किंमत घ्यावी, आणि तिला 100 ने भागून बाकी शून्य उरली तरच लॅम्डा चालवावा. त्यामुळे पहिला, 101 वा, 201 वा असे कॉल छापले जातात. काउंटर ॲटॉमिक अनसाइन्ड (अनेक थ्रेडांना सुरक्षितपणे बदलता येणारा बिनचिन्ही पूर्णांक) असावा, कारण अनेक थ्रेडांनी साधा इंट एकाच वेळी वाढवणे ही डेटा रेस ठरते. केवळ मोजणीच करायची असल्याने 'फेच_ॲड'ला (जुनी किंमत देऊन काउंटर वाढवणाऱ्या फंक्शनला) रिलॅक्स्ड क्रम, म्हणजे इतर वाचन-लेखनाच्या क्रमाची हमी न देणारा, पुरतो.

लॅम्डा मात्र कॉलच्या कंसातच लिहावा. मी एकदा नीटनेटकेपणाच्या हौसेने तो आधी व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि दोन ठिकाणी दिला; टाइप एकच असल्याने काउंटरही एकच झाला, आणि दोन्ही कॉल आलटून पालटून होत असल्याने दुसऱ्या जागेची ओळ एकदाही छापली गेली नाही. 'एसटीडी::फंक्शन' (कोणतेही फंक्शन साठवू शकणारा टाइप) किंवा फंक्शन पॉइंटर दिला तरी हीच गत होते. उलट, कॉल करणारे फंक्शन स्वतःच टेम्प्लेट असेल, तर त्याच्या प्रत्येक टाइपमागे नवा काउंटर तयार होतो.

फेऱ्यांऐवजी 'दर पाच सेकंदांनी' असे हवे असल्यास काउंटरच्या जागी पुढची वेळ ॲटॉमिकमध्ये ठेवावी आणि ती 'कंपेअर_एक्सचेंज'ने (किंमत अजून जुनीच असेल तरच बदलणाऱ्या फंक्शनने) बदलावी, म्हणजे एकाच थ्रेडची सरशी होते. घड्याळ 'स्टेडी_क्लॉक'च घ्यावे; ते कधी मागे जात नाही. 'सिस्टिम_क्लॉक' घेतले आणि कोणी मशीनची वेळ एक तास मागे नेली, तर तासभर लॉगमध्ये काहीच दिसणार नाही.